एआय म्हणजे काय गं?

'एआय' हा शब्द हल्ली एसटीत, बाजारात, मुलांच्या तोंडी सारखा ऐकू येतो. आपल्या गटांतून प्रश्न आला, हे आहे तरी काय? म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. हे नाव नवं नाही. अमेरिकेत १९५६ सालच्या एका परिषदेपासून ते रूढ झालं. पहिल्यांदा खुरपायला बसलेल्या मुलीला पीक कुठलं, तण कुठलं कळत नाही. आई दाखवत जाते. दोन-चार पाती काढल्या की मुलीचा हात आपोआप तणाकडे जातो. आजचं एआय असंच शिकतं, फक्त लाखो उदाहरणं बघून.

त्याच्या कामावरून आपण तीन प्रकार करू. पहिलं, ओळखणारं: चेहरा बघून मोबाईल उघडतो, पानाचा फोटो बघून रोग कोणता असेल ते सांगतो. दुसरं, अंदाज बांधणारं: जुने व्यवहार बघून, कर्ज फिटेल का याचा अंदाज देतं. तिसरं, नवं तयार करणारं: चॅटजीपीटी मराठीत अर्ज लिहून देतं, काही ॲप चित्र काढतात, माणसाचा आवाजही बनवतात.

मग हे माणसापेक्षा हुशार का? १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळातला जगज्जेता कास्पारोव्ह याला हरवलं. पण त्याला बुद्धिबळाशिवाय काही येत नव्हतं. अशा ठरावीक कामाच्या एआयला मर्यादित एआय म्हणतात. आजचं एआय पुष्कळ कामं करतं, तरी माणसासारखं सगळीकडे चालणारं एआय अजून तयार झालेलं नाही. माणसाच्या पुढे जाणारं तर सध्या कल्पनेतच आहे.

आता सांभाळायचं काय? खुरपणारी मुलगी अडली तर विचारते, "आई, हे काय गं?" यंत्र पुष्कळदा विचारत नाही, चुकीचं उत्तरही ठासून देतं. म्हणून फवारणीचं प्रमाण कृषी सहायकांना विचारा आणि औषधाचं डॉक्टरांना. आशाताई आहेतच.

दुसरी गोष्ट आवाजाची. थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं तरी कुणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. "आई, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव," असा लेकाच्या आवाजात फोन आला तर कुठल्या आईचं काळीज हलणार नाही? चोराला तेच हवं असतं. अशा वेळी फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या लेकाच्या नंबरावर आपणच लावायचा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवायचा, फक्त घरच्यांना ठाऊक असलेला. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सरकारी नंबरावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

गटाचं पासबुक, आधार कार्ड यांचे फोटोही अनोळखी ॲपमध्ये टाकू नका.

येत्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढू. प्रत्येकीने घरी खुणेचा शब्द ठरवला का, एवढं एकमेकींना विचारू. शब्द मात्र सांगायचा नाही हं! भेटू पुढच्या भागात. नमस्कार.