रतनपुरुष उपटण्याआधी



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक निरोप आला. माळावरचं रतनपुरुष मुळासकट उपटून, वाळवून द्या, किलोवर पैसे देतो, असं एका व्यापाऱ्याचं म्हणणं. भांगलण संपलेली, सुगीला अवकाश, पोरांची फी डोक्यावर. दोघीतिघी लगेच खुरपं घेऊन निघाल्या. आम्ही म्हटलं, आधी सगळ्या मिळून झाड तर बघू.

सकाळी माळावर गेलो. गवतात लपलेलं वीतभर रोप. पानं अरुंद, टोकदार. पानाच्या बगलेत एकेकटं गुलाबी-जांभळं फूल. पाकळ्या पाच, पण चार अगदी बारीक. खालची एकच मोठी, फावड्याच्या पात्यासारखी. तमिळमध्ये म्हणूनच याला ‘एका पाकळीचं कमळ’ म्हणतात. काढ्यातला बनफशा आणि हे एकाच, व्हायोलेटच्या कुळातले. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली याची नोंद केली, तेव्हा नावही ‘व्हायोला’ असंच दिलं होतं.

फूल गळालं की छोटं गोल बोंड धरतं. ते वाळलं की तीन फाका होऊन उघडतं आणि रेघारेघांच्या फिकट बिया बाहेर पडतात. आम्ही पाहिलं तर बहुतेक बोंडं हिरवीच होती. आत्ता उपटलं तर बी पडणार कधी आणि पुढच्या वर्षी उगवणार काय?

“ते खरं, पण माझ्या पोरीच्या फीचं काय?” एकीने विचारलं. प्रश्न खराच होता. त्याच बैठकीत गटाच्या बचतीतून तिला कर्ज दिलं. व्यापाऱ्याला कळवलं, यंदा नाही.

आता आम्ही वाळलेली बोंडं वेचतो. निम्मं बी माळावरच टाकतो, निम्मं आपापल्या बांधावर. किती उगवतं ते पुढच्या पावसात दिसेल. ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत या झाडाचं नाव लिहा, असा अर्जही दिला आहे.

मैत्रिणींनो, औषधी म्हणून ऐकलं तरी वैद्यांना विचारल्याशिवाय काही पोटात घेऊ नका. आणि तुमच्या माळावर कुणी असा भाव घेऊन आलं, तर आधी वाकून बोंड बघा. हिरवं असेल तर खुरपं खाली ठेवा.