पिल्लं घेताना विचारायचा एक प्रश्न
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत पशुसखीने केलेल्या भाषणातून)

मैत्रिणींनो, मानमोडीची लस आता बहुतेकींना माहीत आहे. लासोटाचा थेंब डोळ्यात कसा घालायचा, हे माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंतच्या बायकांना मी शिकवायला नको. आज बोलायचंय ते मरेक्सबद्दल.

तीन-चार महिन्यांची, अंड्यावर येऊ घातलेली तलंग एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसते. वाळत जाते. पोटात गाठी होतात. कुणी म्हणतं लकवा, कुणी म्हणतं नजर लागली. १९०७ साली हंगेरीतल्या योझेफ मारेक या पशुवैद्यानं हा रोग नोंदवला, त्याचंच नाव पडलं.

विषाणू करतो काय? आपल्या गटाच्या खात्यातून पैसे काढायला सह्या लागतात ना? तसं पेशीत कोणतं प्रथिन किती बनवायचं, यावर लगाम ठेवायला अगदी छोटे धागे असतात, जेमतेम २२ अक्षरांचे. त्यांना मायक्रो-आरएनए म्हणतात. (ते शोधणाऱ्या अँब्रोस आणि रवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.) कोंबडीचा १५५ नंबरचा मायक्रो-आरएनए पांढऱ्या पेशींच्या कामात असतो. मरेक्सचा विषाणू त्याचीच नक्कल जवळ बाळगतो. म्हणजे खोटी सही! पेशीला वाटतं हुकूम घरचाच, आणि ती वाढत सुटते. शास्त्रज्ञांनी विषाणूतून तेवढी नक्कल काढून बघितली, तर गाठी होईनात. मला तर हे फार नवलाचं वाटतं.

एकदा रोग धरला की औषध नाही. अँटिबायोटिकच्या पुड्या पाण्यात घालून नुसते पैसे जातात. लस आहे, पण ती पहिल्याच दिवशी, हॅचरीतच टोचावी लागते. म्हणून गटाच्या कर्जातून पिल्लं घेताना विचारा, "मरेक्सची लस झाली का?" आणि बिलावर लिहून घ्या. पुढे कर्जाचा हप्ता त्याच तलंगांच्या अंड्यांवर फेडायचा असतो.

लस गाठी रोखते, विषाणूचा शिरकाव नाही. तो पिसांच्या कोंड्यातून पसरतो, धुळीत महिनोन्महिने टिकतो. तेव्हा जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात नवी पिल्लं सोडू नका. आधी जुना भुसा काढा, झाडून-धुऊन घ्या, मग नवा टाका. खुडूक कोंबडीखाली घरीच काढलेल्या पिल्लांना तर ही लस मिळतच नाही, त्यांना जास्तच जपा.

तलंगा मरू लागल्या तर उकिरड्यावर फेकू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. पोट उघडून बघितलं की मानमोडी की मरेक्स, याचा अंदाज डॉक्टरांना येतो.