मानवाची वंशसाखळी आणि भूगर्भाची साक्ष
(महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महोत्सव हा पूर्वजांच्या स्मरणाचा प्रसंग होय. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या उघडून आपण पिढीमागून पिढी मोजतो. परंतु आद्य मानवाची पिढी कोणत्या वहीत पाहावी? कॉलेजात जाणारी आपली मुले ह्याच प्रश्नाने गोंधळून घरी येतात. सबब, जमिनीत सापडलेल्या अस्थींनी मानवाची सरळ, अखंड वंशसाखळी सिद्ध होते काय, ह्याचा विचार आम्ही आज करणार आहोत.

आरंभ आपल्या उंबरठ्यापासूनच करू. बोरिवलीशेजारच्या कांदिवली येथे टॉड नामक आरमारी अधिकाऱ्यास अश्मयुगीन हत्यारे सापडली व १९३९ साली त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हत्यारे मिळाली, ती घडविणाऱ्याचे हाड मात्र मिळाले नाही.

हाड मिळाले ते दूर नर्मदाकाठी. १९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे अरुण सोनकिया ह्यांना मध्य प्रदेशातील हथनोरा येथे प्राचीन कवटीचा उजवा भाग सापडला. प्रथम ती 'होमो इरेक्टस' जातीच्या मानवाची ठरली. पुढे इतर पंडितांनी ती आपल्याच जातीच्या प्राचीन रूपाची मानली. कवटी एकच, मते दोन!

शिवालिक टेकड्यांत १९३२ साली मिळालेल्या 'रामापिथेकस'च्या जबड्याचीही हीच कथा. पुढे त्यास मानवाचा पूर्वज म्हणून मान मिळाला. परंतु अधिक पूर्ण अवशेष हाती येताच तो ओरांगउटानाच्या कुळाजवळचा ठरला. इंग्लंडातील पिल्टडाउनचा १९१२ सालचा 'मानव' तर १९५३ साली निव्वळ बनावट ठरला. ही लबाडी उघडकीस आणली ती शास्त्रज्ञांनीच, हे विसरू नये.

ह्यावरून कोणी म्हणेल, "शास्त्र हरले, धर्म जिंकला!" बंधूंनो, असा आनंद मानू नका. वाळवीने वहीचे पान खाल्ले म्हणून आजोबांना बापच नव्हता, असे कोणी म्हणत नाही. तसेच वहीत सापडलेला प्रत्येक पुरुष आपला पणजोबा असतो असेही नाही. कोणी चुलत आजोबा, तर कोणी निर्वंश झालेला. आजचे शास्त्र हेच सांगते: मानवाचा वंश ही सरळ साखळी नव्हे, तो अनेक फांद्यांचा वृक्ष आहे. कोणती अस्थी कोणत्या फांदीची, हा वाद चालू आहे. परंतु वृक्ष आहे, ह्याविषयी वाद नाही. अनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासाने तर हे नाते अधिकच दृढ झाले आहे.

पवित्र ख्रिस्तसभेनेही हा मार्ग बंद केलेला नाही. परमगुरुस्वामी बारावे पायस ह्यांनी १९५० साली मानवी देहाच्या उत्पत्तीविषयी संशोधनास मोकळीक दिली; आत्मा मात्र साक्षात परमेश्वर निर्माण करतो, हे सत्य अढळ राखले. दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९६ साली उत्क्रांतिवाद हा केवळ तर्क राहिला नसल्याचे म्हटले.

म्हणून मातापित्यांनो, मुलाने हा प्रश्न विचारला तर त्यास दटावू नका. त्यास दोहोंपैकी एकाची निवड करावयास लावाल, तर कदाचित तो देऊळ सोडील, आणि त्याचा दोष आपल्या माथी येईल. ज्या श्रद्धेचा आधार केवळ शास्त्राच्या अज्ञानात आहे, ती प्रत्येक नव्या हाडासरशी कापत राहते. कुदळीने देहाचा इतिहास हाती येतो. आत्मा कुदळीस लागत नाही, आणि त्याचे मोल कवटीच्या मापाने ठरत नाही.

परमेश्वर आपणा सर्वांस सत्याची भीती न बाळगण्याचे धैर्य देवो. आमेन.