हसलो ते कुणाला? ‘सोंगाड्या’ पाहिलेल्या बायकांचं म्हणणं

(भुसावळ येथे परिसरातील महिला मंडळांच्या एकत्रित बैठकीत केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला आज विषय दिला होता ‘प्रसारमाध्यमे आणि स्त्रीची प्रतिमा’. त्यावरचं माझं एक जुनं भाषण फाइलमध्ये आहे. तेच वाचून दाखवलं असतं तर वेळही भागली असती आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. पण मध्यंतरी वस्तीत आम्ही एक सिनेमा दाखवला. त्यावर बायका जे बोलल्या त्याने माझी जरा पंचाईत झाली आहे, ती तुमच्यापुढे मांडते. शिवाय यात्रेतला लावणीचा कार्यक्रम बंद करावा, असा एक अर्ज सहीसाठी आपल्यात फिरतो आहे. त्यावर मी अजून सही केलेली नाही. का केली नाही, हेही यातच येईल.

आमच्या बैठकीत दर महिन्याला काहीतरी दाखवायची पद्धत आहे. हुंडाबळी, मारहाण, मुलीचा गर्भ, सगळं दाखवून झालं. एकदा एक बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही दर खेपेला रडवता. आम्ही रडून घरी जातो आन् स्वयंपाक तं करावाच लागतो. एखादं हसायचं दाखवा ना.” कोणतं, विचारलं, तर तिघीचौघींनी एकदम दादा कोंडक्यांचं नाव घेतलं.

मला घाम फुटला. अश्लील पोस्टरांना काळं फासायला डबा-ब्रश घेऊन फिरलेली बाई मी. आता मीच वस्तीत दादा कोंडके दाखवायचे! बरीच घासाघीस होऊन ‘सोंगाड्या’वर तडजोड झाली. दादांचा स्वतः काढलेला हा पहिला चित्रपट, १९७१चा. लेखन वसंत सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं. दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये ‘तेरे मेरे सपने’ लावण्यासाठी ‘सोंगाड्या’ला जागा मिळेना, तेव्हा शिवसेनेने जोर लावला आणि पुढे तो धो धो चालला, ही कथा तुम्हाला ठाऊक असेल. ती नेहमी मराठी माणसाच्या विजयाची कथा म्हणून सांगतात. आत गोष्ट कुणाची आहे, हे कुणी सांगत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाम्या नावाचा भोळा पोरगा आहे. घरात आई, शिताबाई. भारी कडक. ते काम रत्नमालाबाईंनी केलंय. नाम्याला तमाशाचा आणि त्यातल्या कलावतीचा, म्हणजे उषा चव्हाण यांचा, नाद लागतो. आईला कळतं आणि ती त्याला घराबाहेर काढते. मग तो कलावतीच्या आसऱ्याला जातो. म्हटलं तर तमाशात रमलेल्या पोराची हसरी गोष्ट, म्हटलं तर पोट हातावर घेऊन गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची.

तीसेक बायका होत्या. पंखा एकच, मध्ये वीज गेली, तरी कुणी उठलं नाही. हसून हसून पदर तोंडात घातले. मी मात्र सिनेमापेक्षा बायकांकडेच जास्त बघत होते. कुठे हसतात, कुठे नाही.

दिवे लागल्यावर चर्चा सुरू केली. मी आपला नेहमीचा प्रश्न टाकला, यात बाईची प्रतिमा कशी वाटली? कुणी उत्तरच देईना. मग एक म्हातारी म्हणाली, “प्रतिमा राहू दे वं माय, त्या शिताबाईचं काय चुकलं ते सांग.” आणि मग जे सुरू झालं ते थांबवता थांबेना.

एक बाजू म्हणे, पोराला हाकललं ते वाईट केलं. दुसरी म्हणे, एकुलता एक कमावता पोर ढोलकीच्या मागे लागला तर घरात दाणे कोण आणणार? सिनेमा नाम्याच्या नजरेने दाखवतो म्हणून ती आपल्याला कजाग दिसते. तिच्या चुलीपाशी बसून बघा, असं ती म्हातारी म्हणाली. मी इतकी वर्षं चित्रपटांवर बोलते आहे, पण ‘कुणाच्या नजरेने’ हे इतक्या साध्या शब्दांत मला कधी मांडता आलं नव्हतं.

त्यात एक बाई होती, तिचा नवरा लग्नाच्या बँडमध्ये पिपाणी वाजवतो. (दादाही तरुणपणी बँडमध्ये होते, हे सांगितल्यावर तिला फार आनंद झाला.) ती इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, लोक विचारतात, तुझा नवरा कलाकार ना? हो, कलाकार. मार्गशीर्षापासून जेठापर्यंत कलाकार. आषाढी एकादशीनंतर चार महिने मुहूर्त नाहीत, तेव्हा कोण कलाकार? तेव्हा मी केळीच्या बागेत जाते, कापूस निघाला की वेचायला जाते. आता तर डीजे आले, म्हणजे लग्नसराईतसुद्धा तारखा रिकाम्या. पितळी वाद्य घासून खुंटीला लावलेलं असतं. ते विकू देत नाही तो. मी पण विकू देत नाही.

“मी पण” हे तिने दोनदा म्हटलं. शिताबाईची बाजू घेणारी हीच बाई, आणि वाद्य विकू न देणारीही हीच. आपल्या पत्रकांत अशा बाईला जागा कुठे असते?

कलावतीबद्दलचं मत मात्र जवळजवळ एकमताने आलं, आणि ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं, घरंदाज बायका नाचणारीला नावं ठेवतील. तर म्हणाल्या, तिचं बरं आहे. आईने दार लावलं, हिने उघडलं. तिच्या पायावर चार माणसं जेवतात, मग मालकीण तीच. लगेच दुसरी म्हणाली, मालकीण कसली? पायात चाळ आहेत तोवर. पन्नाशीला काय करेल?

याच गोष्टीला थोडं धरून बोलते. ‘सोंगाड्या’नंतर पुढच्याच वर्षी, १९७२ साली, व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. तिथे तमाशातल्या बाईपायी आदर्श मास्तर रसातळाला जातो. तो चित्रपट थोर म्हणून वाखाणला गेला आणि ‘सोंगाड्या’ पांचट ठरला. पण बाईकडे माणूस म्हणून कोण बघतं? ‘पिंजरा’त ती पुरुषाच्या घसरणीचं कारण आहे, ‘सोंगाड्या’त ती त्याला भाकरी देते. हे मी आज म्हणते आहे. काळं फासण्याच्या दिवसांत मला ते दिसलं नव्हतं.

आमच्यातली एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, ‘रॉक ऑन’ पण असाच आहे. २००८चा हिंदी चित्रपट, मुंबईतल्या रॉक बँडवाल्या मित्रांचा. विनोदी नाही, पण गोष्ट तीच: वाजवणारे पुरुष, फसलेली स्वप्नं. त्यात डेबी म्हणून एकाची बायको आहे, शहाना गोस्वामी यांनी केलेली. मासळीचा धंदा सांभाळते, घर चालवते, आणि नवऱ्याने गिटार सोडून कामाला लागावं म्हणते. ती मुलगी म्हणाली, थिएटरात सगळे डेबीवर वैतागले होते, मीसुद्धा. आज शिताबाईवरची भांडणं ऐकली तेव्हा कळलं की मी कुणावर वैतागले होते. ढोलकी असो की गिटार, रेशनचं विचारणारी बाईच खलनायिका.

आता द्व्यर्थी विनोदाबद्दल. ते टाळून चालणार नाही. म्हाताऱ्या म्हणाल्या, यात काय एवढं, लग्नात विहिणीला आम्ही याहून जहाल ऐकवतो. खरंच आहे, आपल्या हळदीची गाणी कुठल्या सेन्सॉरने पास केली असती? पण मागे बसलेली एक मुलगी हसत नव्हती. तिला विचारलं. म्हणाली, तुम्ही आपसात म्हणता ते वेगळं. स्टॅंडवर पोरं हेच संवाद आम्हाला ऐकू जातील असे म्हणतात, आणि उलट बोललं तर म्हणतात, सिनेमातलं आहे, तुला का लागलं? यावर म्हाताऱ्यांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. शब्द तोच, पण चार बायकांत बसून म्हणणं आणि एकट्या मुलीवर फेकणं यातला फरक कुठला कायदा मोजेल, मला माहीत नाही. त्या मुलीचं म्हणणं बाकीच्या हशात बुडू नये म्हणून इथे मुद्दाम सांगते.

आता अर्जाकडे येते. अर्जात म्हटलं आहे की लावणीच्या नावाखाली बाईचं प्रदर्शन होतं, तरुण बिघडतात, दारू वाढते. यातलं काहीच खोटं नाही. पण बंदीचा इतिहासही आपल्याला माहीत हवा. १९४८ साली खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली होती. कारण हेच, नीती बिघडते. मग उपासमार कुणाची झाली? फडातल्या बायकांची आणि साथीदारांची. २००५ साली डान्स बारवर बंदी आली तेव्हा तर आपल्या चळवळीतच दोन तट पडले. बारमधल्या मुलींची रोजी जाते म्हणून काही संघटना बंदीविरुद्ध उभ्या राहिल्या. त्याच वेळी अनेक दलित कार्यकर्त्या म्हणाल्या, कोणत्या जातीच्या मुलींनी नाचायचं हे ठरलेलंच आहे, त्याला रोजगार म्हणू नका. २००६ साली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. तो वाद कोर्टात निकाली निघाला, आपल्यात नाही. मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच रात्री झोप येत नाही.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण सगळ्या सांगतो. खेळाच्या मध्येच बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ऐकताना अंगावर काटा येतो, आपण त्यांच्या धैर्याला सलाम करतो. पण त्या रात्री खेळ थांबवायची मुभा त्यांना का नव्हती, हे विचारत नाही. दोनदा राष्ट्रपतींचं पदक मिळालं आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली गेल्या. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं, ते ज्यांनी वाचलं असेल त्यांना कलावतीची पन्नाशी कशी असते ते ठाऊक आहे. बंद करा म्हणणं सोपं आहे. २०२० आणि २०२१ साली कोरोनात यात्रा बंदच होत्या, म्हणजे अर्ज न करताच आपली मागणी दोन वर्षं मान्य झाली होती. त्या काळात फडातल्या बायका काय खात होत्या, हे आपल्यापैकी कुणी विचारायला गेलं होतं? मी नव्हते गेले.

तर माझं म्हणणं इतकंच की हा अर्ज एक आठवडा थांबवावा. सुपारी किती ठरली आणि त्यातलं बाईच्या हातात किती पडतं, कपडे बदलायला आडोसा आहे का, संडास आहे का, स्टेजपुढे दारू पिऊन चढणाऱ्याला अडवायला पंचांनी कुणाला उभं केलंय, बरोबरची लहान मुलं रात्री कुठे झोपतात, हे आधी विचारू या. मुली अठराच्या आतल्या दिसल्या तर मात्र मी थांबणार नाही, तिथल्या तिथे पोलिसांत जाऊ. बाकी अर्जात काय लिहायचं ते परत आल्यावर ठरवू. कदाचित बंदच करा असं लिहावं लागेल. तसं ठरलं तर पहिली सही माझी.

पिपाणीवाल्याच्या बायकोने बरोबर येते म्हणून सांगितलं आहे. त्या स्टॅंडवरच्या मुलीलाही मी विचारलं आहे, ती बघते म्हणाली. आणखी चारपाच जणी हव्यात. रविवारी निघू, पण दुपारी एकनंतर. त्या बायका पहाटेपर्यंत उभ्या असतात, सकाळी जाऊन त्यांची झोप मोडायची नाही. डबे आपापले आणा, तिथे कुणाच्या चुलीवर भार नको.