सभेत बोललेलं वहीत उतरू द्या



10 डिसेंबर हा मानवी हक्क दिन. 1948 साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सगळे पुरुष’ असाही अर्थ निघेल असे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी त्याला हरकत घेतली, आग्रह धरला. म्हणून आज तिथं ‘सगळी माणसं’ असं लिहिलेलं आहे. बाईनं सभेत तोंड उघडलं आणि तिचं म्हणणं कागदावर आलं. आजचा माझा विषय एवढाच आहे.

आता आपल्या जिल्ह्यातलं बघा. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र नि जोडवी काढून घ्यायची, ही रीत बंद करायचा ठराव या गावानं 4 मे 2022 रोजी केला. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पुरी होत होती, तो हा आठवडा. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. दारात तिरडी असताना कुणी बांगड्यांना हात घालायला पुढं आलं, तर तिचा हात धरायला आपल्यातलीच कुणीतरी उभी राहायला हवी. हे काम गटाचं आहे. आणि एक ध्यानात घ्या, कुंकू लावलंच पाहिजे अशीही सक्ती नको. लावायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवायचं. हक्क म्हणतात तो हाच.

याच शिरोळ तालुक्यात जयसिंगपूर आहे. 1939 साली तिथं कोल्हापूर संस्थानातल्या प्रजा परिषदेची स्थापना झाली. तेव्हा आपल्याकडं राजाचं राज्य होतं. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे उपकार आपण विसरणार नाही. पण राजा चांगला असला तर प्रजेला मिळणार, नसला तर नाही, असं किती दिवस चालायचं? माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आणि त्यांचे साथीदार म्हणाले, कारभार लोकांना जबाबदार असला पाहिजे. त्यासाठी ते तुरुंगात गेले. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आज आपण सरपंचाला हिशोब विचारतो, त्यामागं असल्या माणसांचे कष्ट आहेत.

जिथं असं विचारता येत नाही, तिथं काय होतं? थायलंड आणि व्हिएतनाम यांच्यामध्ये लाओस नावाचा देश आहे. मेकाँग नदीकाठची भाताची शेती, खेडीच जास्त. 1975 पासून तिथं एकाच पक्षाचं राज्य आहे. दुसरा पक्ष काढायची मुभाच नाही. तिथं सोम्बाथ सोम्फोन नावाचे गृहस्थ गावांत शेतीचं आणि तरुणांच्या शिक्षणाचं काम करायचे. गावाचा विकास गावाला विचारून व्हावा, एवढंच त्यांचं म्हणणं. 2005 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हाच पुरस्कार 2011 साली जळगाव जिल्ह्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांना मिळाला. त्यांचं काम बचत गटांचं, म्हणजे आपलंच.

15 डिसेंबर 2012 च्या संध्याकाळी लाओसच्या राजधानीत पोलीस चौकीपाशी सोम्बाथ यांची जीप थांबवली गेली. त्यांना दुसऱ्या गाडीतून नेलं, हे रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात दिसतं. त्यानंतर त्यांचा पत्ता नाही. सरकार म्हणतं, आमचा यात हात नाही. त्यांच्या पत्नी शुई मेंग वर्षानुवर्षं देशोदेशी एकच प्रश्न विचारत आल्या आहेत : माझा नवरा कुठं आहे? त्यांच्या कपाळाचं कुंकू पुसायला कुणी आलं नसेल, पण नवरा आहे की गेला, एवढंसुद्धा त्यांना कुणी सांगत नाही.

आपल्याकडं सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. पण गावच्या सभेत उठून बोलायचा हक्क आपल्याला कायद्यानं दिलाय. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. गावातले आठ-दहा गट एकत्र आले तर शंभर बाया जमायला कितीसा वेळ? पण पुष्कळ ठिकाणी रजिस्टर घरोघरी फिरतं, आपण चुलीपुढनं उठून सही करतो नि परत भाकरी थापायला बसतो. सभा झाली असं कागद म्हणतो, आणि आपलं म्हणणं काही त्यात नसतं.

26 जानेवारीच्या ग्रामसभेला अजून वेळ आहे. तेवढ्यात तीन कामं करूया. गटाच्या मासिक बैठकीत एकच विषय ठरवा : पाणी, स्वस्त धान्य दुकान किंवा हेरवाडसारखा ठराव. मग महिला सभेत तो मांडा. एकीनं सुचवायचा, दुसरीनं अनुमोदन द्यायचं. आणि शेवटी इतिवृत्त वाचून घ्या. ग्रामसेवक भाऊंना सांगा, ‘आम्ही बोललो ते लिहिलंय तेवढं वाचून दाखवा.’ ऐकल्याशिवाय सही करायची नाही.

गटाच्या वहीत आपण रुपया न् रुपया तपासून घेतो. गावाच्या वहीलाही तीच शिस्त लावूया.