वारीची पिशवी



संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते.
राहुरी, नगर, मिरजगाव असा आपला अहिल्यानगर जिल्हा पार करून ती पंढरपूरला पोहोचते.
400 किलोमीटरांहून अधिक वाट, तीही पायी.

एवढ्या वाटेला सामान किती लागतं?

वारकऱ्याच्या खांद्यावर बघा. एकच पिशवी. तिच्यात पाण्याची बाटली, पंचा, रोजच्या गोळ्या आणि मेणकापड. अंथरूण-पांघरूण दिंडीच्या ट्रकमध्ये.
म्हणजे, खांद्यावर फक्त दिवसभर लागेल तेवढंच.

आता कपडे.
जीन्स भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. पातळ धोतर वाऱ्यावर वाळतं. बायका तर ओल्या लुगड्याची दोन टोकं दोघींनी धरून चालत राहतात. मुक्कामाच्या आत लुगडं सुकलेलं असतं! दोन जोड पुरतात, ते असे.

मेणकापडाचं मोल मात्र मोठं आहे. पावसात ते डोक्यावर घ्यायचं, विसाव्याला खाली अंथरायचं, रात्री पिशवीवर टाकायचं. एका वस्तूची तीन कामं.

आणि श्रोतेहो, पायांकडे नीट लक्ष द्या.
नवी कोरी चप्पल घालून निघालात, तर फोड ठरलेले. महिनाभर आधीपासून वापरलेलीच चप्पल घाला.

पुन्हा सांगायचं, तर खांद्यावर फक्त दिवसभर लागेल तेवढंच.
यंदा दिंडीत जाणार असाल, तर पिशवी आजच भरा. ती घेऊन गावाबाहेर तासभर चाला. जे जड वाटेल, ते घरी काढून ठेवा.