गाण्याची पहिली ओढ

गाणे रक्तात असावे लागते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. या समजुतीत एक सोयही आहे. घरातले मूल गात नसेल तर ‘आमच्या घराण्यातच गाणे नाही’ असे म्हणून आईबापांना स्वस्थ बसता येते, आणि शेजारचे मूल गाऊ लागले तर त्याचे श्रेय त्याच्या दिवंगत आजोबांच्या पदरी टाकून मोकळे होता येते. परंतु ज्यांनी पुढे गाण्यातच आयुष्य वेचले अशा थोर गवयांचे बालपण बारकाईने पाहू गेले असता निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. गाणे प्रथम येते ते कानावाटे. तेही बहुधा शिकवणीच्या वेळी नव्हे. भलत्याच वेळी, भलत्याच ठिकाणाहून, आणि पुष्कळदा ज्याच्यासाठी ते मुळी गायिलेच जात नव्हते अशाच्या कानावर ते पडते.

गदगचे शिक्षक गुरुराज जोशी यांच्या घरी ४ फेब्रुवारी १९२२ रोजी जन्मलेल्या भीमसेनाची गोष्ट श्रोत्यांपैकी अनेकांच्या ऐकण्यात असेल. तथापि ती पुन्हा सांगण्याजोगी आहे. रस्त्याने भजनी मंडळींची दिंडी किंवा वाजंत्री चालली की हा पोर घर सोडून तिच्यामागे चालू लागे, आणि चालून चालून थकला म्हणजे जेथे असेल तेथे झोपी जाई. मग घरच्यांची शोधाशोध. असे वरचेवर होऊ लागले तेव्हा वडिलांनी एक युक्ती काढली. मुलाच्या सदऱ्यांवर त्यांनी ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ अशी अक्षरे लिहून टाकली; ज्याला सापडेल त्याने वाचावे आणि मुलाला घरी आणून पोचवावे. मास्तर माणूस, अडचणीच्या वेळी त्याला लेखणीच आठवायची! पण या युक्तीतले मर्म हसण्याच्या भरात नजरेआड होऊ नये. वडिलांनी मुलाला खोलीत कोंडले नाही. तो पुन्हा जाणार हे गृहीत धरून, तो परत कसा येईल एवढीच तजवीज त्यांनी केली.

पुढे १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, या मुलाच्या ऐकण्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका आली, आणि तो खरोखरच घर सोडून निघाला. त्या काळच्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. तेवढ्यापायी त्याने विजापूर, पुणे, ग्वाल्हेर, कलकत्ता अशी गुरूच्या शोधात वणवण केली. वडिलांना तो अखेर सापडला तो थेट पंजाबात, जालंदर येथे. १९३६ साली कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, यांनी त्याला शिष्य म्हणून पत्करले. हे सवाई गंधर्व त्याच अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य होत. अर्ध्या हिंदुस्थानाला वळसा घालून मुलगा आपल्या घरापासून फारशा दूर नसलेल्या एका गावी, ज्या स्वरामागे तो निघाला होता त्याच्या उगमापाशी येऊन ठेपला.

ती ठुमरी ऐकणारा भीमसेन काही एकटाच नव्हता. ती कितीतरी घरांतून वाजली. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, सुपारी कातरली आणि तबकडी उलटवली. गाणे त्या सर्वांना आवडलेच होते. पण आवडणे आणि ओढ लागणे यांत अंतर आहे. रसिकाला गाणे ऐकले म्हणजे तृप्ती वाटते; ज्याला ते स्वतः करावयाचे असते त्याला ते ऐकून उलट अस्वस्थता येते. ‘हे असे माझ्या गळ्यातून निघेल काय?’ हा प्रश्न एकदा मनात उभा राहिला की नुसते ऐकणे पुरे पडत नाही. गाणे करण्याची इच्छा जन्मते ती या अस्वस्थतेतून.

रक्ताची उपपत्ती किती तोकडी आहे हे पाहावयाचे तर गंगूबाई हनगल यांचे उदाहरण घ्यावे. त्यांचा जन्म १९१३ साली धारवाड येथे झाला. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या चांगल्या गायिका. त्यांचे गाणे ऐकावयास खुद्द अब्दुल करीम खाँ येत असत. रक्ताचाच हिशेब खरा धरला तर मुलगी कर्नाटक संगीताची गायिका व्हावयास हवी होती. पण रस्त्यावर ग्रामोफोन वाजू लागला की ही मुलगी घरातून धावत बाहेर जाई आणि ऐकलेले स्वर आपल्या गळ्यातून काढून पाही. अखेर ती हिंदुस्थानी पद्धतीचीच झाली. आपल्या गायकीची छाया मुलीच्या गळ्यावर पडू नये म्हणून अंबाबाईंनी स्वतःचे गाणे आवरते घेतले, असे सांगतात. मुलाला गाणे शिकविण्यासाठी खस्ता खाल्लेले आईबाप पुष्कळ आढळतील. मुलीच्या कानाने दुसरी वाट धरली हे ओळखून स्वतःचा स्वर बाजूला ठेवणारी आई विरळा. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा स्वागतगीत गाणाऱ्यांत ही अकरा वर्षांची मुलगी होती.

ज्या वर्षी हे अधिवेशन झाले त्याच वर्षी बेळगावनजीक सुळेभावी येथे शिवपुत्र कोमकळी या मुलाचा जन्म झाला. बड्या बड्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या जशाच्या तशा म्हणून दाखवू लागला, आणि लोकांनी तोंडात बोटे घातली. लहानपणीच त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली व तेच त्याचे नाव होऊन बसले. यावर जुन्या वळणाचे शिक्षक नाक मुरडून म्हणतात, ही तर निव्वळ नक्कल! होय, नक्कल खरीच. पण मूल बोलावयास शिकते ते तरी दुसरे काय करून? आईचा शब्द ते आधी तसाच्या तसा उचलते. त्याचा अर्थ, त्याचे व्याकरण, त्यातील स्वतःचे मत ही सारी मागाहून येतात. गळ्याचेही तसेच आहे. शिवाय लहान मुलाला परके गाणे आणि आपले गाणे असा भेद मुळी ठाऊकच नसतो. जे गळ्यातून निघाले ते त्याचे. नक्कल करून थांबला असता तर हा मुलगा चार वर्षे कौतुकाचा विषय होऊन पुढे विस्मृत झाला असता, हेही तितकेच खरे. मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे त्याचे रीतसर शिक्षण झाले, आणि पुढे ज्याची कोणालाही सहजी नक्कल करता येऊ नये असे गाणे तो गाऊ लागला. तेव्हा नकलेला दारातच अडविण्याचे कारण नाही. तिला पुढच्या खोलीत नेणारा कोणी भेटला पाहिजे, एवढेच.

आता कोणी विचारील, गदग, धारवाड, सुळेभावी, कुंदगोळ ही नावे एकाच मुलखातली कशी? मिरजेपासून धारवाडपर्यंतच्या, आज दोन राज्यांत विभागलेल्या या टापूत गळ्याचे काही विशेष बीज पडले होते काय? तसे मानण्याचे कारण दिसत नाही. येथे गाणे कानावर पडण्याचे योग मात्र विपुल होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी आणून मिरज व इचलकरंजीकडे रुजविली. कैराणा हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाव दूर उत्तरेकडचे. पण ते मिरजेस स्थायिक झाले, म्हैसूर दरबारी जाता-येता धारवाड-हुबळीकडे मुक्काम करू लागले. मराठी नाटक मंडळ्या बेळगाव-हुबळीपर्यंत खेळ करीत, आणि त्यांची पदे दुसऱ्या दिवशी गावच्या पोरांच्या तोंडी असत. मिरजेस सतार-तंबोरे घडविणाऱ्यांची घरे होती व आजही आहेत. तेथून जाणाऱ्याच्या कानावर जुळू पाहणाऱ्या तारांचा नाद सहज पडतो. ज्या गावात चांगले गाणे भिंतीपलीकडून ऐकू येते त्या गावात गवई निपजतात. यात चमत्कार तो कसला?

सर्वांनाच अशी ओढ लागून ते गाण्याकडे वळले, असे मात्र समजू नये. विष्णु दिगंबर पलुसकर यांची कथा उलट आहे. कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेल्या या मुलाच्या डोळ्यांना लहानपणी उत्सवातील दारूकामाने इजा झाली. दृष्टी अधू झाली, शाळेचा अभ्यास अशक्य झाला. मग डोळ्यांवाचून जी विद्या साधेल ती शिकवावी म्हणून त्याला मिरजेस बाळकृष्णबुवांच्या हवाली करण्यात आले. येथे ओढीपेक्षा निरुपायच अधिक. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी, ती ही की वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. मिरजेस जाण्यापूर्वीच या मुलाने किती पदे, किती साक्या-दिंड्या पूर्वरंग-उत्तररंगात ऐकल्या असतील! दुर्दैवाने त्याला गुरूच्या दारात नेऊन उभे केले हे खरे, पण तो तेथे कोऱ्या कानाने गेला नव्हता. याच गृहस्थांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गाणे सामान्य गृहस्थाच्या मुलामुलींस खुले केले.

कान कोरा नसतो, हे तर आता शास्त्रानेही दाखविले आहे. सुभद्रेच्या उदरात असताना अभिमन्यूने चक्रव्यूहाचा भेद ऐकला ही कथा झाली. परंतु गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत मुलाला ऐकू येऊ लागते, आणि जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ते आपल्या आईचा आवाज परक्या बायकांच्या आवाजातून ओळखते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. पुढे अंगाई, देवघरातील भूपाळी, तिन्हीसांजेची परवचा, शाळेत सुरावर घोळविलेले पाढे यांनी तो कान भरत जातो. जात्यावरच्या ओव्या आता घरांतून मावळल्या. पण आरती अद्याप आहे, आणि गाणे करण्याचा पहिला पाठ म्हणून तिच्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. आरतीच्या वेळी मुलाच्या हाती झांज दिली जाते. ते ठेका चुकवते, भलत्याच ठिकाणी झणत्कार करते, मोठ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून ओरडते. आणि कोणी त्याला ‘तुझा सूर लागतो का?’ असे विचारीत नाही. न तपासता गाऊ देणारी ही घरातील बहुधा एकच जागा होय.

कारण इतरत्र तपासणी फार लवकर सुरू होते. न्हाणीघरात गुणगुणणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलीला थोरला भाऊ किंवा मामा सहज थट्टेने ‘बेसूर’ म्हणतो. म्हणणारा ते त्याच दिवशी विसरतो. ती मुलगी तो शब्द साठ वर्षे जपून ठेवते, आणि नातवंडांच्या बारशाला पाळणा म्हणण्याची वेळ आली की ‘मला मेलीला गाता येत नाही’ म्हणून मागे सरते. ज्यांना स्वरांतील उंचनीचपणा खरोखरच कळत नाही अशी माणसे जगात असतात, पण ती फार थोडी. बाकीच्यांचा गळा बहुधा असाच कोणीतरी बंद केलेला असतो.

दुसरी अडचण याच्या अगदी विरुद्ध टोकाची. सुशिक्षित घरांत मुलाला गाण्याची गोडी दिसली रे दिसली की त्याला लगोलग वर्गात घालतात. १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद अशा परीक्षा आहेत, आणि त्या पद्धतीने असंख्य कुटुंबांत स्वरज्ञान पोचविले हे निःसंशय. परंतु मूल ज्या चिजेमागे वेडे झाले ती राहते बाजूला, आणि त्याच्या वाट्याला येतात आरोह-अवरोह व वार्षिक परीक्षेची तारीख. भूक लागण्यापूर्वीच ताट वाढले म्हणजे उत्तम अन्नही मागे सारले जाते. काही महिने मुलाला घरातच हवे ते हवे तसे गाऊ द्यावे. मग अलंकार घोटण्याचा कंटाळा त्याला येईलच, पण तो कशासाठी सोसावयाचा हे ठाऊक असेल.

श्रोतेहो, पूर्वी एक ठुमरी ऐकावयास मुलाला रस्त्यावर धावत जावे लागे. आज खिशात मावणाऱ्या यंत्रातून साऱ्या घराण्यांचे गाणे वाटेल तेव्हा ऐकू येते. ऐकण्याची चणचण संपली आहे. चणचण आहे ती स्वतः सूर काढून पाहण्याच्या मुभेची. अनेक घरांत बाजाची पेटी असते. ती दिवाणखान्यात कोपऱ्यात, भरतकामाच्या आच्छादनाखाली, वर फुलदाणी ठेवून शोभेला मांडलेली असते, आणि मुलाने भात्याला हात घातला की स्वयंपाकघरातून ‘मोडशील ती!’ असा आवाज येतो. फुलदाणी दुसरीकडे ठेवता येईल. आणि पेटीचा एखादा सूर बसलाच, तर तो काढून नीट करून देणारे कारागीर पुण्यामुंबईस अजून आहेत.